कोराडीची मुकी पेटी

१

सव्वीस मार्चला सकाळी अकरा वाजून चाळीस मिनिटांनी पारशिवनी तालुका मुका झाला.

तार तुटली नव्हती, वीज गेली नव्हती, कुठे कुणाची कुदळ लागली नव्हती. तरी बँकेचे पडदे गोठले आणि मोबाइलचे टॉवर उभे असून नसल्यासारखे झाले. त्याच्या जरा आधी चंद्रभान लोहकरे हा एकसष्ट वर्षांचा माणूस वांग्यांची पाटी बाजारात उतरवून डॉक्टर दिपालींच्या छोट्या दवाखान्यात आला आणि छाती धरून बाकावर बसला. डॉक्टरीणबाईंनी कार्डिओग्राम काढला. तो नागपूरच्या हृदयतज्ज्ञाला दाखवायचा आणि इंजेक्शन द्यायचं की नाही ते विचारायचं, एवढंच काम होतं. पण कागद जाईना. फोन लागेना. अँब्युलन्सलाही नाही. बावन्न मिनिटांनी तालुक्याला पुन्हा वाचा फुटली, तेव्हा चंद्रभान एका ओळखीच्या माणसाच्या पिकअपमध्ये नागपूरच्या अर्ध्या वाटेवरच प्राण सोडून गेला होता.

पारशिवनीचं सगळं बोलणं काचेच्या एका तंतूतून प्रकाशाच्या रूपानं नागपूरला येतं. वाटेत प्रकाश दमतो. त्याला पुन्हा दम देणारी एक पेटी, अँप्लिफायर, कोराडीला एका खोलीत बसवलेली आहे. दम किती द्यायचा तो आकडा, म्हणजे गेन, त्या पेटीत भरून ठेवावा लागतो. दुसराही एक आकडा असतो. येणारा प्रकाश त्या पातळीखाली गेला की नागपुरातल्या लकडगंजच्या नियंत्रण कक्षात घंटी वाजते आणि माणसं धावतात.

ती पातळी उणे चोवीस होती. कुणीतरी ती उणे चौतीस करून ठेवली होती. आकडा उणे, म्हणून जितका मोठा तितका प्रकाश मंद. पेटीतला प्रकाश मरायला टेकला तरी घंटी वाजणार नाही, अशी ही व्यवस्था होती.

आणि पेटीच्या नोंदीत ती करणाऱ्याच्या रकान्यात नाव होतं अश्लेषा.

२

पूर्वरेषा नेटवर्क या कंपनीनं चौकशीला भागीरथाबाई निखाडेंना धाडलं. अठ्ठावन्न वर्षांच्या, ठेंगण्या, पायात कापडी बूट. एकेकाळी खड्ड्यात बसून केबल जोडलेल्या. कंपनीत सगळे त्यांना ताई म्हणत आणि जरा बिचकूनच असत.

एकोणतीस मार्चच्या सकाळी नऊ वाजता त्या लकडगंजला पोचल्या. खाली लाकडाच्या वखारी, वर दुसऱ्या मजल्यावर नियंत्रण कक्ष. मंडळप्रमुख गौरांग घाटे यांनी खुर्ची पुढे केली आणि फाइलही. घाटे म्हणजे भोसल्यांच्या काळापासून नागपुरात कारकुनी करत आलेलं घराणं. माणूस नीटनेटका आणि मृदू बोलणारा.

"ताई, वाईट वाटतं. मुलगी हुशार होती," ते म्हणाले. "आरोपपत्र मी परवाच तयार केलं. आपली सही झाली की चार वाजता पोलिसांत देऊ. वरूनही तसाच निरोप आहे."

भागीरथाबाईंनी आरोपपत्र वाचलं. 'दिनांक सात मार्च रोजी सायंकाळी पावणेसातच्या सुमारास ऑपरेटर अश्लेषा ठवकर यांनी स्वतःची पाळी संपल्यानंतर कोराडी येथे जाऊन, पेटीला थेट केबल जोडून, अलार्मची पातळी बदलली.'

"वरच्यायचं वर राहू द्या," त्या म्हणाल्या. "चार वाजाले अजून सात तास हायेत. मी पाहिल्याबिगर सही करत नाही."

बाहेर पडताना भिंतीवरच्या पाटीकडे त्यांचं लक्ष गेलं. 'अलार्मविना दिवस : ११५.'

खुर्चीवर बसलेला प्रशिक रंगारी हा ऑपरेटर हळूच म्हणाला, "ताई, अख्खा तालुका मेला तरी पाटी वाढूनच राहिली. घंटी वाजलीच नाही ना. शंभर झाले तेव्हा साहेबायले शाल मिळाली, पुण्याची बढती मिळाली. आमाले पेढा मिळाला. अर्धा."

"अर्धा काहून?"

"अर्धा अश्लेषाले देला."

"मले एक सांग गा. पातळी सात तारखेलेच बदलली, हे कशावरून?"

"रोज रात्री बाराले दर पेटीची नक्कल इथं उतरते. सहाच्या नकलेत उणे चोवीस, सातच्या नकलेत उणे चौतीस. वर अश्लेषाचं नाव."

"अन् किती वाजता?"

"नकलेत वेळ नसते ताई. वेळ फक्त पेटीच्या पोटात. तिथं जाऊन केबल लावल्याबिगर दिसत नाही. अजून कोणी गेलं नाही."

भागीरथाबाई आरोपपत्राची घडी करता करता थांबल्या. मग त्यांनी ती पूर्ण केली आणि पर्समध्ये ठेवली.

३

अश्लेषा वखारीमागच्या चहाच्या टपरीवर बसली होती. सत्तावीस वर्षांची, डोळे सुजलेले, पण आवाज ताठ.

"मी कोराडीले गेलीच नाही ताई. सात तारखेले पाळीच्या तक्त्यात माझी सकाळची पाळी होती, सहा ते दोन. पण प्रशिकच्या बहिणीचा, काजलचा, साखरपुडा होता संध्याकाळी. मंग आम्ही बदली केली. तो सकाळी, मी दोन ते दहा."

"तक्त्यात लिवलं नाही?"

"आम्ही आपसात करून घेतो. साहेबायले सांगितलं का अर्ज द्या म्हणतात. पण अंगठ्याच्या मशीनवर आहे. मी एक अठ्ठावन्नले अंगठा लावला."

"म्हणजे पावणेसातले तू खुर्चीवर होती."

"हाव! तक्रारवहीत माझ्या हातचं आहे. सहा सत्तेचाळीसले पारशिवनीचे तीन फोन आले, एकामागं एक. नेट एक मिनिट गेलं अन् आलं. पडद्यावर अलार्म नव्हता, मी म्हटलं राउटर बंद करून चालू करा."

"मंग तुझं नाव पेटीत कसं?"

"जानेवारीत पेटी बसवली तेव्हा मी होती तिथं. कोराडीच्या खोलीतल्या लॅपटॉपवर माझं नाव टाकलं, पासवर्ड आठवणीत ठेवून घेतला त्यानं. आता तो उघडला का कोणीही अश्लेषाच होते." तिनं कप खाली ठेवला. "ताई, नोकरीचं मी सांगत नाही. जाईन तर जाईन. परवा रात्री चंद्रभानभाऊच्या बायकोचा फोन आला होता कक्षात. यमुताई. मीच उचलला. ती म्हणे, नागपूरच्या एका पोरीनं घंटी बंद केली म्हणतात. तूच का वं ते? झोपली होतीस का? अन् मी फोन ठेवला." तिनं मान वर केली. "तिच्या मनात मी झोपलेली आहे. ते मले खपत नाही."

भागीरथाबाईंनी अंगठ्याच्या मशीनचा कागद मागवला. एक अठ्ठावन्नला आत, दहा वाजून पाच मिनिटांनी बाहेर. तक्रारवही पाहिली. सहा सत्तेचाळीस, अश्लेषाचं अक्षर, शाई तीच.

"बस," त्या म्हणाल्या. "आता पेटीतनं खरी वेळ काढतो अन् हे आरोपपत्र फाडतो. चल वं, पाणी पी अन् चार वाजेलोक थांब."

त्यांना वाटलं काम झालं. काम झालं नव्हतं.

४

कोराडीत कोळशाचे ट्रक रांगेनं उभे होते. केबलच्या खोलीची राखण करणारा तंत्रज्ञ सुशील बागडे वीजकेंद्राच्या वसाहतीतच वाढलेला. त्यानं कुलूप काढायच्या आधी उंबरा ओल्या फडक्यानं पुसला.

"ताई, पदर तोंडाले लावा. आज हवा इकडचीच हाय. आमच्या इथं पोळीवरही राख असते."

"खोलीच्या चाव्या किती?"

"दोन. एक माझ्या कमरेले, दुसरी लकडगंजले साहेबायच्या टेबलात."

"सात तारखेले तू कुठं होता?"

"सकाळपासून इथंच. एक ते दोन घरी जेवाले जातो कुलूप लावून. साडेचारले लकडगंजच्या स्टोअरमध्ये गेलो, केबल मोजून घेतली, पावतीवर सव्वासात हाय. स्टोअरवाला मोठा चिकट."

लॅपटॉप उघडला. खरंच, काहीही न विचारता पडद्यावर अश्लेषा हे नाव आलं. सुशीलनं केबल जोडली आणि पेटीनं आपली आठवण ओळीओळीनं मांडली. भागीरथाबाईंनी चष्मा चढवला.

सात मार्च. तेरा सोळा : काम चालू, दहा मिनिटं घंटी रोखली. तेरा सतरा : प्रकाश शून्य. तेरा अठरा : प्रकाश परत, उणे सत्तावीस. तेरा एकोणीस : अलार्म पातळी उणे चौतीस. तेरा चोवीस : गेन अठरावरून सव्वीस पूर्णांक चार.

पुढे एकोणीस दिवस एकही ओळ नाही. मग सव्वीस मार्च, सहा दहा : प्रकाश अपुरा, पेटी निकामी.

"तेरा एकोणीस," भागीरथाबाई पुटपुटल्या. "म्हणजे दुपारी एक एकोणीस."

सुशील केबल गुंडाळू लागला. त्यालाही हिशेब कळला होता. दुपारी कोराडीहून लकडगंजला मोटरसायकलनं अर्धा तास. एक चोवीसला इथून निघालं की एक अठ्ठावन्नला अंगठा जेमतेम लागतो. खोली त्या तासात बंद, सुशील जेवायला, आणि अश्लेषाची पाळी अजून सुरू व्हायची.

पोरीच्या बाजूचा प्रत्येक कागद आता तिच्याच गळ्यात पडला होता.

भागीरथाबाईंनी गौरांग घाट्यांना फोन लावला. "पेटीत वेळ सापडली. एक वाजून एकोणीस. दुपारी."

पलीकडे खुर्ची करकरली.

"दुपारी? नाही, शक्य नाही," घाटे म्हणाले. मग घाईघाईनं, "म्हणजे... पेटी म्हणते तर तसंच असेल. माझा अंदाज चुकला. पण मग तर प्रश्नच मिटला, नाही का? पाळीच्या आधी केलं तिनं."

"हाव. मिटला म्हणाले हरकत नाही," भागीरथाबाई म्हणाल्या आणि फोन ठेवला.

५

पण त्यांचा स्वतःचा प्रश्न मिटला नव्हता. उलट्या बादलीवर बसून त्या पेटीकडे बघत राहिल्या. वय झालं की माणूस कागदावर विश्वास ठेवायला लागतो. त्यांना मात्र अजून हातांवर जास्त विश्वास होता. हात बघावेत, हात खोटं बोलत नाहीत.

"सुशील, सव्वीस तारखेले तू काय दुरुस्त केलं?"

"काही नाही ताई. नागपूरच्या बँकेनं विचारल्यावर लकडगंजचा फोन आला, मी धावत आलो. येणारा तंतू पेटीले जोडणारी काचेची छोटी दोरी काढली, नवी लावली, चालू झालं."

"जुनी?"

"ठेवली हाय ना. पिशवीत, तारीख लिवून. कोणी मागितलीच नाही."

खिशात मावणाऱ्या सूक्ष्मदर्शकाखाली त्यानं दोरीचं टोक धरलं. भागीरथाबाईंनी डोळा लावला. काचेच्या बारीक ठिपक्यावर करडा लेप बसला होता. सुटी धूळ नव्हे, थापलेला, वाळलेला, भेगा पडलेला.

"हे कशानं होते?"

सुशील ओशाळल्यासारखा हसला. "फुंकरीनं. दोरी काढली का राख बसते. कोरड्या फडक्यानं पुसली का जाते. पण तोंडानं फुंकर मारली का थुंकीची वाफ बसते अन् राखेचं सिमेंट होते. मंग वाढतच जाते. आमच्या वसाहतीतलं शेंबडं पोरगंही इथं फुंकत नाही. आरसाही फुंकत नाही कोणी."

"अश्लेषा?"

"तिले मीच शिकवलं जानेवारीत. एकडाव फुंकली, मी हातावर चापट मारली. तेव्हापासून फडकं खिशात ठेवते."

भागीरथाबाईंनी मान हलवली. एक गोष्ट दिसली. पण फुंकर न मारणारे दोघं सापडले म्हणजे मारणारा सापडला असं नव्हे.

"अन् गेन? बिघाड झाला तर तू किती वाढवशील?"

"एक. मंग अजून एक. बघत बघत. सव्वीस पूर्णांक चार कोणी ठेवते का? हे तर वहीवर गणित करून आलेलं दिसते. मी तर पावशेर-अर्धा शेर करतो ताई."

म्हणजे हातानं कधी काम न केलेला आणि गणित पक्कं असलेला माणूस. पण पेटी म्हणत होती दुपारी एक एकोणीस, आणि त्या वेळी प्रत्येक जण कुठे ना कुठे जेवत होता.

त्यांनी डॉक्टर दिपालींना फोन लावला. का, ते त्यांनाही नीट सांगता आलं नसतं. चंद्रभानविषयी फक्त कागदावरच वाचलं होतं, म्हणूनही असेल.

"डॉक्टर, तुमचं नेट सकाळपासूनच खराब होतं का हो? पेटी तर सहा दहालेच निकामी झाली म्हणते."

"सहा दहा?" डॉक्टरीणबाईंचा आवाज थकलेला होता. "नाही हो. अकरापर्यंत मी तीन रिपोर्ट पाठवले. अकरा एकोणचाळीसला चंद्रभानभाऊंचा कार्डिओग्राम मशीनमधून निघाला. अकरा चाळीसला सगळं एकदम गेलं. ती वेळ मी मरेपर्यंत विसरणार नाही."

फोन ठेवून भागीरथाबाईंनी पर्समधून पेन काढलं आणि तळहातावर लिहिलं: ६.१० – ११.४०. खाली त्यांनी तक्रारवहीतली वेळ लिहिली. सात मार्चला पेटीत प्रकाश शून्य झाला तो तेरा सतराला. पण दुपारी एक सतराला पारशिवनीहून एकही फोन आला नव्हता. तीन फोन आले होते सहा सत्तेचाळीसला, नेट एक मिनिट गेलं म्हणून.

तेरा सतरा आणि अठरा सत्तेचाळीस. सहा दहा आणि अकरा चाळीस.

दोन्हीकडे फरक एकच. साडेपाच तास.

"सुशील," त्या उठल्या, "ही पेटी कोणत्या देशाची?"

"बाहेरची हाय ताई."

"मंग तिचं घड्याळही बाहेरचंच हाय. ग्रीनिचचं. कोणी लावूनच घेतलं नाही. गाडी काढ."

६

चार वाजायला दहा मिनिटं होती. घाट्यांच्या खोलीत अश्लेषा, प्रशिक आणि सुशील भिंतीला टेकून उभे राहिले. भागीरथाबाई बसल्या नाहीत.

"साहेब, पेटीचं घड्याळ साडेपाच तास मागं हाय," त्या म्हणाल्या आणि दोन्ही वेळा एकाखाली एक मांडल्या. "पेटीतलं तेरा एकोणीस म्हणजे आपलं संध्याकाळचं सहा एकोणपन्नास. तेव्हा अश्लेषा इथं फोन उचलत होती. प्रशिक दोनशे लोकांपुढं बहिणीच्या साखरपुड्यात वाढत होता. सुशील स्टोअरमध्ये केबल मोजत होता, पावती हाय."

अश्लेषानं भिंत सोडली आणि सरळ उभी राहिली.

"छान झालं," घाटे म्हणाले. "म्हणजे बाहेरचा कुणीतरी."

"बाहेरच्यापाशी चावी नाही. एक सुशीलच्या कमरेले, दुसरी तुमच्या टेबलात. पण चावीचं राहू द्या. मले आधी हे सांगा." त्यांनी आरोपपत्राची घडी उलगडून टेबलावर ठेवली. "हे तुम्ही परवा लिवलं. तेव्हा पेटी कोणी उघडली नव्हती. नकलेत वेळ नसते. मंग 'सायंकाळी पावणेसात' कुठून आणलं?"

"अंदाज होता, ताई. पाळी संपल्यावर गेली असेल, म्हणून."

"पाळीची बदली तुमाले ठाऊक नव्हती. तुमच्या तक्त्यात तिची पाळी दोनले संपते. अंदाज असता तर पावणेतीन लिवलं असतं. दोनले सुटलेली पोरगी पावणेसातलेच कोराडीले जाईन, हे कोणाच्या मनात येईन? ज्यानं पावणेसातले तिथं कोणी होतं हे डोळ्यानं पाहिलं त्याच्या."

घाट्यांनी टेबलावरची पेनं सरळ केली.

"तुमाले खात्री होती का पेटीतही तीच वेळ निघन अन् आरोपपत्र खरं ठरन. म्हणून मी फोनवर एक एकोणीस म्हटलं तेव्हा तुम्ही 'शक्य नाही' म्हणाले. अंदाज करणारा माणूस 'असेल' म्हणते साहेब. 'शक्य नाही' तोच म्हणते, ज्याले माहीत असते."

 भागीरथाबाई थांबल्या नाहीत.

"सात मार्चले पाटीवर त्र्याण्णव होते. शंभरले सात दिवस बाकी. तेव्हा कोराडीचा प्रकाश कितीवर होता, प्रशिक?"

"उणे तेवीस पूर्णांक दोन," प्रशिक हळूच म्हणाला. "मी साहेबायले सांगितलं होतं आदल्या संध्याकाळीच. चोवीस झालं का घंटी वाजन म्हणून."

"रीतसर काम काढलं असतं तर खंड लिवावा लागला असता अन् पाटी शून्यावर आली असती. म्हणून तुम्ही एकटेच गेले. दहा मिनिटं घंटी रोखली. दोरी काढली, कोराडीच्या राखेत तोंडानं फुंकर मारली, लावली. उणे तेवीसचं उणे सत्तावीस झालं. आता दहा मिनिटं सरली का घंटी वाजणारच. मंग तुम्ही घंटीची पातळीच खाली नेली अन् गेन गणित करून वाढवला. गणित चोख होतं. राखेचं गणित मात्र तुमाले येत नव्हतं."

गौरांग घाट्यांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा पुसला. "आठ दिवसांत परत जाऊन साफ करणार होतो," ते म्हणाले. आवाज तितकाच मृदू होता. "मग सत्कार झाला, पुण्याचं पत्र आलं... लिंक चालू होती, ताई. मला वाटलं, चालू आहे ना. लॅपटॉपवर या मुलीचं नाव आहे, हे मला त्या संध्याकाळी दिसलंही नव्हतं. परवा दिसलं."

"अन् परवा उपयोगी पडलं."

"ऐका." ते पुढे झुकले. "माणूस परत येणार नाही. अहवालात तांत्रिक बिघाड लिहा. पेटीचं घड्याळ चुकीचं, राख, जे काय ते. या मुलीची नोकरी राहील, बढतीही मी बघतो. कुणाचंच नाव नको. सगळ्यांचंच भलं आहे त्यात."

भागीरथाबाईंना वरून आलेला निरोप आठवला. असा अहवाल वरच्यांनाही आवडला असता. त्यांनी अश्लेषाकडे पाहिलं. निर्णय त्यांचाच होता, पण सोसलं होतं पोरीनं.

"काय वं? तुले काय वाटते?"

"नाही," अश्लेषा म्हणाली. एवढंच.

"मंग लिवतो," भागीरथाबाई म्हणाल्या आणि आता खुर्ची ओढून बसल्या. त्यांनी आरोपपत्राच्या मागच्या कोऱ्या बाजूलाच लिहायला सुरुवात केली. नाव लिहिलं, वेळ लिहिली, साडेपाच तासांचा हिशेब लिहिला, पिशवीतल्या दोरीचा उल्लेख केला. सुशील आणि प्रशिक साक्षीदार म्हणून पुढे आले. घाट्यांनी कागद वाचला, बराच वेळ पेन हातात धरला आणि 'वाचले' एवढं लिहून सही केली. मग पोलीस ठाण्यात जायला ते भागीरथाबाईंच्याच मागे उठले.

"दोन मिनिटं, ताई," अश्लेषा म्हणाली. "मले एक फोन लावायचा आहे. तुमच्यासमोर."

तिनं टेबलावरच्या फोनचा स्पीकर लावून नंबर फिरवला. पलीकडे बराच वेळ वाजलं. मग कुणीतरी उचलला.

"यमुताई, मी अश्लेषा बोलून राहिली. नागपूरहून. त्या दिवशी तुम्ही विचारलं होतं अन् मी फोन ठेवला होता." तिनं घाट्यांकडे पाहिलं. "मी झोपली नव्हती. घंटी मी बंद केली नाही. आमच्या साहेबानं केली होती, गौरांग घाटे नाव आहे. आज लेखी झालं. तुमाले पोलीस सांगतीनच, पण मले वाटलं, माझ्या तोंडून आधी."

 पलीकडून गाईच्या गळ्यातलं घुंगरू वाजल्यासारखा बारीक आवाज तेवढा येत होता.

"पण एक माझंही आहे, ताई," अश्लेषा पुढे म्हणाली. "पेटी किती दम लावून राहिली तो आकडा एकोणीस दिवस माझ्या पडद्यावर होता. घंटी नाही म्हणून मी तो वाचलाच नाही. कोणीच वाचला नाही."

मग यमुताई बोलल्या. खोलीतल्या सगळ्यांना ऐकू गेलं.

"माह्या घरचे तं गेले, पोरी. आता दुसऱ्या कोणाचा फोन लागन का?"

"लागन," अश्लेषा म्हणाली. "नाही लागला तर तुमच्याआधी मले कळन. आता आकडा मी रोज वाचते."

"बरं," यमुताई म्हणाल्या. "वाच मंग."